संध्याकाळचे अण्णा

कागदाची पट्टी नाकाशी नेली आणि सुलेखाच्या गालाला अण्णांच्या शर्टाचा खिसा लागला. आठवण झाली म्हणणं कमी पडेल, कारण आठवणीत माणूस समोर दिसतो आणि इथे दिसत काहीच नव्हतं. फक्त गालाखाली धुऊन धुऊन मऊ झालेलं टेरिकॉट, त्याच्या आत काहीतरी पुडीसारखं टोचणारं, आणि त्याच्याही आत अण्णांचं हसू, जे छातीतून वर येताना आधी गालाला कळायचं आणि मग कानाला. तिने पट्टी खाली ठेवली. सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट भागातल्या त्या बाराही महिने गारठलेल्या लॅबमध्ये समोर इवल्याशा बाटल्या, वजनकाटा, काचेच्या भिंतीपलीकडे मॉलची आणि एमआरटी मेट्रोच्या रुळांची दुपार. सगळं जिथल्या तिथे होतं. तिने पट्टी पुन्हा उचलली आणि घाबरत घाबरत, गरम दुधाला तोंड लावावं तशी नाकाशी नेली. अण्णा होतेच.

सुलेखाचं काम वास बनवण्याचं. साबणाचा, शाम्पूचा, कपडे धुवायच्या पावडरीचा. फरशी पुसायच्या पाण्याला लागणारं जंगलही तीच बनवायची. मुंबईत केमिस्ट्री शिकून आलेल्या, माणसांत फारशा न रमणाऱ्या बाईला असं काम मिळावं हे नशीबच, असं तिचा नवरा श्रीनिवास म्हणायचा आणि त्यात थट्टा किती आणि खरं किती हे तिने कधी विचारलं नव्हतं. आजचं काम मात्र जगावेगळं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका मेणबत्तीवाल्या कंपनीला गांजाच्या फुलाचा वास हवा होता. पेटवलेल्या नव्हे, पेटवण्याआधीच्या. आणि तो बनवायचा कुठे, तर सिंगापूरमध्ये, जिथे विमान उतरायच्या आधीच अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड असल्याचं बजावून सांगतात. तसा प्रश्न काही नव्हता. वास ज्यांचा असतो ते अर्क लिंबातही असतात, मिऱ्यातही असतात. त्यांना कायदा काय करणार? कंपनीच्या वकिलाने लेखी होकार दिला होता. फक्त ज्या फुलाची नक्कल करायची ते फूल हुंगायची सोय नव्हती. न बघितलेल्या माणसाचं चित्र काढावं तसं ऐकीव माहितीवर करायचं होतं, आणि सुलेखाने ते पहिल्याच फटक्यात इतकं हुबेहूब काढलं होतं की चित्रातून ओळखीचाच माणूस निघाला होता.

माहिती सकाळी हुई मिनने सांगितली होती. हुई मिन म्हणजे तिची वरिष्ठ, इथलीच चिनी बाई, कॉफीचा पेला हातात असल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारी. 'हे बघ,' ती तिच्या धावत्या, शेवटी 'लाह' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाली होती, 'यांचं झाड सतायव्हा जातीकडे झुकणारं आहे. उंच, काटकुळं, पानं बारीक, फुलायला खूप वेळ घेतं. दुसऱ्या जातीचं असतं ना, ते अंगात उतरतं, माणूस सोफ्यात रुतून बसतो. हे डोक्यात चढतं. माणूस हुशारतो, बडबडायला लागतो, कशालाही हसतो. एरवी न सुचणारं सुचतं. वेळ लांबतो म्हणे. तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात आणि मग भूक, भूक, भूक. म्हणून त्यांना वास झोपाळू नकोय, कळलं? ब्राइट हवाय, लाह.' सुलेखाने मान हलवली होती. या झाडाचं मूळ बियाणं म्हणे कधीकाळी तुमच्याच देशातून गेलंय, असंही हुई मिन जाता जाता म्हणाली होती आणि दोघी हसल्या होत्या. तेव्हा ते सगळं एका झाडाचं वर्णन होतं. आता हातात पट्टी धरून ती तेच शब्द मनात पुन्हा म्हणत होती, आणि त्यातलं झाड हळूहळू नाहीसं होऊन तिथे फलटणजवळच्या पाटबंधारे कॉलनीतलं एक अंगण, अंगणातली सुंभाची बाज आणि बाजेवर मांडी घालून बसलेले तिचे वडील, अण्णा, दिसायला लागले होते.

अण्णा दोन होते. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ असते तसे अण्णाही. सकाळचे अण्णा खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करायचे, खाली मान घालून भाकरी खायचे, काही विचारलं तर 'हं' म्हणायचे. त्यांचा तो 'हं' दारासारखा बंद व्हायचा. प्रगतिपुस्तकावर सही करताना ते मार्क बघायचे नाहीत, सही कुठे करायची तेवढं बघायचे. त्यांचा धाक नव्हता, मारणं-ओरडणं तर नाहीच, पण त्यांच्याजवळ जाऊन करायचं काय हेच कळायचं नाही. मग ते सायकलवरून कालव्यावर जायचे, दिवसभर पाण्याची दारं वरखाली करून घ्यायचे, आणि ड्यूटी संपली की परतताना कालव्याकाठच्या बैराग्याच्या मठीत टेकायचे. मठीतून जे घरी यायचे ते संध्याकाळचे अण्णा. फाटकातूनच 'सुलू!' अशी हाक. बाजेवर बसले की ती त्यांच्या अंगावर चढायची, खिशापाशी गाल टेकायची, आणि मग कालवा सुरू व्हायचा. धरणातून निघालेलं पाणी कुठे रागावतं, कुठे लाजतं, कुठल्या चारीला वळताना मागे बघतं. कुठलं दार कुरकुरं आहे आणि कुठलं दार दुसऱ्या दाराशी बोलत नाही. एक गोष्ट चार-चार संध्याकाळी चालायची आणि तरी पाणी कॉलनीच्या पुलापर्यंतसुद्धा पोचलेलं नसायचं. मध्येच स्वतःच्याच एखाद्या वाक्यावर ते इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी. तोंडाला कोरड पडायची म्हणून ती तांब्या घेऊन तयारच असायची. मग एकदम भूक लागायची त्यांना, आणि नुकती भांडी घासून ठेवलेली आई कपाळाला हात लावून पुन्हा पोहे भिजवायची.

हुशारतो. बडबडतो. हसतो. वेळ लांबतो. तोंड कोरडं, डोळे लाल, भूक. एकही सुटत नव्हतं. सुलेखा पडताळा घेतल्यासारखी पुन्हा पुन्हा तपासत होती आणि एखादी तरी गोष्ट अशी सापडेल म्हणून धडपडत होती, जी या झाडाची नाही आणि फक्त अण्णांची आहे. लाल डोळ्यांचं कारण आई सांगायची, मठीत धूप फार असतो. वासाचंही तेच. 'अण्णांना धुपाचा वास येतो' हे घरातलं ठरलेलं वाक्य होतं. आणि त्या वाक्यापायी सुलेखाने आयुष्याचा केवढा भाग घालवला होता! तो धूप शोधायचा म्हणून तर ती या धंद्यात आली होती, जरी मुलाखतीत असं कोणी सांगत नाही. ऊद, लोबान, राळ, गुग्गुळ, सगळं झालं होतं. अजूनही लिटिल इंडियात गेली की सेरंगून रोडच्या पूजेच्या दुकानांत ती धुपाचे नवे पुडे उघडून हुंगायची आणि दुकानदार वैतागून बघत राहायचे. लॅबमध्ये सुट्टीच्या आधीच्या निवांत दुपारी तिने चोरून कितीतरी मिश्रणं केली होती. जड, चिकट, गोड, खोल. प्रत्येक वेळी देऊळ तयार व्हायचं, अण्णा व्हायचे नाहीत. धूप म्हटल्यावर ती राळेच्याच मागे लागली; तळाचेच वास चाचपत बसली. आणि वास होता तो वरचा, हलका, भुर्रकन उडून जाणारा: कैरीच्या देठाचा चीक, बोटांत चुरडलेला झेंडू, लिंबाची साल, तासलेलं ओलं लाकूड, आणि मागून थोडी मिरी. शिकाऊ पोरीनेसुद्धा नाकाने ओळखलं असतं. तिने नाकाने कधी शोधलंच नव्हतं, आईच्या वाक्याने शोधलं होतं.

मठीच्या मागे उंच झाडं होती हेही आता आठवलं. बारीक पानांची, तिच्या डोक्याच्या खूप वर गेलेली. ती त्यांना झेंडूची रानटी बहीण समजायची.

'हेडेक' एवढंच हुई मिनला सांगून ती लवकर निघाली. पट्टी तिने झिपच्या पिशवीत घालून पर्समध्ये टाकली होती, का ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एमआरटीत बसायला जागा मिळाली. समोर शाळेच्या गणवेशातली मुलं, एक आजोबा भाजीची जुडी मांडीवर घेऊन पेंगत होते. पिशवी घट्ट बंद होती तरी तिला वाटलं, वास डबाभर पसरलाय. आता कोणीतरी मान वर करणार, पुढच्या स्टेशनवर गणवेशातला माणूस आत येणार, 'मॅडम, प्लीज' म्हणणार. आणि ती काय सांगणार? यात काही नाही हो, हा नुसता वास आहे. यात माझे वडील आहेत, पण तेही आता नाहीत. हसू आलं तिला, पण ते टिकलं नाही. कारण भीती पोलिसांची नव्हतीच. भीती होती ती एकाच गोष्टीची. सबंध आयुष्यात एकाच माणसाने तिच्यावर असं भरभरून, बोलून, हसून प्रेम केलं होतं. श्रीनिवास चांगला होता, पण तो कमी बोलायचा आणि तीही कमी बोलायची, त्यांचं छान चाललं होतं. भरभरून म्हणावं असे फक्त अण्णा. संध्याकाळचे. आणि ते जर त्या बारीक पानांच्या झाडाचं कर्तृत्व असेल, तर अण्णांचं स्वतःचं काय उरलं? 'हं' उरला. खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा उरला. त्या बाजेवर सुलूच्या जागी शेजाऱ्यांचं मांजर असतं तरी कालवा तितकाच वाहिला असता का? बाहेर एकसारख्या इमारती जात होत्या, गॅलऱ्यांतून बांबूंवर कपडे वाळत होते, आणि गाडी कुठल्याही स्टेशनावर पोचत नाहीये असं तिला वाटत राहिलं. आपलं स्टेशन येऊन गेलेलंही तिला पुढच्या स्टेशनावर कळलं.

उलट फिरून ती आपल्या सोसायटीपाशी पोचली, पण वर गेली नाही. स्विमिंग पूलच्या कडेला झाडाखाली एक बाक होता, तिथे बसून तिने पुण्याला फोन लावला. आई आता भावाकडे, रवींद्रकडे असायची. तिकडे नुकती दुपारची जेवणं झाली असणार.

'आई, एक विचारू? अण्णा मठीत गांजा ओढायचे का गं?'

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. 'आत्ता कुठून उपटलं हे तुझ्या डोक्यात?'

'ओढायचे का?'

'ओढायचे,' आई म्हणाली. 'सगळ्या कॉलनीला माहीत होतं. रवीला माहीत होतं. तुला तेवढं नव्हतं.'

'मग धूप धूप काय म्हणायचीस मला?'

'मी कुठे म्हणायचे! तूच म्हणालीस. एवढीशी होतीस. त्यांच्या शर्टाला नाक लावून म्हणालीस, अण्णांना देवाच्या धुपाचा वास येतो. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, असू दे धूप. तेच बरं दिसतं.'

सुलेखा पाण्याकडे बघत राहिली. एक बाई कडेकडेने अगदी सावकाश पोहत होती. पाणी तिच्यामागे उघडत होतं आणि पुन्हा मिटत होतं. 'म्हणजे आई,' तिने सुरुवात केली. 'म्हणजे ते माझ्याशी जे बोलायचे, त्या सगळ्या गोष्टी, ते लाड... ते त्यांचं नव्हतंच. सकाळी कुठे असायचं ते? मला वाटायचं माझ्यावर...'

'येड्यासारखं बोलू नकोस,' आई म्हणाली. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. 'तू तिकडे गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो काढला,' आईचा आवाज आला. 'म्हणाले बंद करा. त्यांनी त्या दिवशी बंद केलं. पुन्हा म्हणून हात लावला नाही. मलासुद्धा वाटलं नव्हतं जमेल त्यांना.'

'मग?'

'मग काय. गप्प झाले. सकाळी असायचे तसे दिवसभर. दोन-दोन दिवस शब्द नाही घरात. पण तुझा फोन यायचा ना रविवारी? दुपारपासून खुर्ची घेऊन फोनजवळ बसायचे. पाठ करायचे गं! मला ऐकू यायचं स्वयंपाकघरात. सुलूला सांगायचं, कालव्याला पाणी सुटलं. सुलूला सांगायचं, पुलापाशी बांध फुटला होता आणि नव्या पोरांना दार लावता येईना. सुलूला विचारायचं, तिकडे नदी आहे का. आणि फोन वाजला की झडप घालायचे. "सुलू" म्हणायचे. पुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही. घाम यायचा. मग द्यायचे माझ्याकडे.'

सुलेखाला तो आवाज ऐकू आला. सुलू... थांब हं, आईला देतो. दर रविवारी. किती वर्षं! त्या फोनबूथमधला उकाडा, हातात कार्ड, बाहेर रांग. अण्णांना आता माझ्याशी बोलायची गरज वाटत नाही, असं ती एकदा श्रीनिवासला म्हणालीसुद्धा होती, आणि त्यावर त्याने म्हातारपणाबद्दल काहीतरी समजूतदार सांगितलं होतं. नंतर नंतर तर अण्णांनी फोन उचलला की तीच आधी म्हणून टाकायची, आईला द्या. दोघांचीही सुटका व्हावी म्हणून.

'एकदा मी चिडले,' आई सांगत होती. 'म्हटलं, बोलायचं नाही तर उचलता कशाला? मला घेऊ द्या सरळ. तर म्हणाले, ती हॅलो म्हणते तेवढं तरी ऐकू दे.'

सुलेखाने फोन मांडीवर ठेवला. पोहणारी बाई कडेला टेकून दम घेत होती. मांडीवरून आईचा बारीक आवाज येत होता, सुले, ए सुले, आहेस का. ती होती. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. बाकावर, भर दुपारी, समोरून जाणाऱ्या गार्डला दिसेल असं. बोलणं त्या झाडाचं होतं. हसणं असेल, भूकही असेल. पण बोलायचं कुणाशी ते झाडाने ठरवलं नव्हतं. ते झाड सुटल्यावरही तो माणूस दर रविवारी रिकाम्या तोंडाने त्या फोनपाशी येऊन बसत होता, आणि ती म्हणत होती, आईला द्या.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, आईला 'रात्री नाही, उद्या करते फोन' म्हणून सांगितलं आणि हुई मिनला मेसेज टाकला की नमुना तयार आहे, पाठवायला हरकत नाही. पाठवू दे. कॅलिफोर्नियातल्या लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतून तो वास दरवळू दे, तिचं काही जात नव्हतं त्यात.

ती वर आली तेव्हा अवनी शाळेतून आलेली होती. चौदा वर्षांची, तिच्या खोलीत, पलंगावर पाय पसरून, मांडीवर लॅपटॉप, कानांत इअरफोन. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली मुलगी. घरात दोघीच असल्या की घरात कोणी नाही असंच वाटायचं, आणि अवनीची त्याबद्दल तक्रारही नव्हती. माय मम इज द क्वायट टाइप, असं ती मैत्रिणींना सांगताना सुलेखाने ऐकलं होतं, अगदी सहज, आईची उंची सांगावी तसं. सुलेखा दारात उभी राहिली.

'अवनी.'

'हं?'

पुढे काही आलं नाही. या ठिकाणी ती एरवी 'खाल्लंस का?' म्हणायची, नाहीतर 'काही नाही' म्हणून वळायची, आणि दोन्ही वाक्यं आता जिभेवर येऊन तयार उभी होती. तिने ती गिळली. पाय दुखायला लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली. अवनीने एक इअरफोन काढला.

'व्हॉट, मा? यू ओके?'

'तुझ्याशी बोलायचंय. येत नाहीये.'

अवनीने तिच्या तोंडाकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, आणि पाय जवळ घेऊन पलंगावर जागा केली. 'सिट, लाह. आलं की सांग.'

सुलेखा बसली. पंखा फिरत होता. तिला घाम येत होता, अंगठा चादरीच्या शिवणीवरून मागेपुढे होत होता. अण्णांना निदान फोन आईच्या हातात देता यायचा; तिच्याजवळ द्यायला कोणी नव्हतं. वाट बघून कंटाळली तर ही मुलगी इअरफोन पुन्हा कानात घालेल, आणि त्यात तिची काही चूक नसेल.

'माझे वडील गांजा ओढायचे,' सुलेखा म्हणाली.

'व्हॉट!' अवनी ताडकन सरळ झाली. शाळेत दरवर्षी याच विषयावर पोस्टर रंगवणारी मुलगी ती. 'आजोबा? फोटोतले आजोबा? सिरियसली?'

'हो. रोज संध्याकाळी. आणि मग मला कालव्याच्या गोष्टी सांगायचे. पुढे त्यांनी ते सोडलं आणि त्यांना काही सांगताच येईना. मला ते कळलं नाही. आज कळलं.' एवढ्यानेच तिला धाप लागली. वाक्यं सरळ आली नव्हती, एकमेकांना धडकत आली होती, आणि त्यांत हसण्यासारखं काहीच नव्हतं.

अवनीने दुसराही इअरफोन काढला आणि लॅपटॉप मिटून बाजूला सारला.

'कुठल्या गोष्टी?' तिने विचारलं.